राज्यसेवेची मुलाखत: मंडळासमोर उत्तर कसे द्यावे

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत पूर्वी मुख्य परीक्षेला ८०० आणि मुलाखतीला १०० गुण होते. २०२५ पासून लागू झालेल्या वर्णनात्मक पद्धतीत लेखी परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ असे एकूण २०२५ गुण झाले आहेत, म्हणजेच मुलाखतीचा वाटा सुमारे अकरा टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांवर गेला आहे. अंतिम यादीत एखाद-दुसऱ्या गुणाने पद बदलते, कधी यादीच हुकते, हे अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते; तरीही मुख्य परीक्षेचा निकाल लागल्यानंतर हाती असलेले मोजके आठवडे बहुतेक उमेदवार संभाव्य प्रश्नांच्या याद्या जमवण्यात आणि त्यांची तयार उत्तरे घोकण्यात घालवतात. माझ्या मते ही तयारी चुकीच्या दिशेची आहे, कारण तयार उत्तर पहिल्या प्रश्नापुरतेच पुरते आणि मंडळासमोर खरी परीक्षा दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

मंडळाचे अध्यक्षपद सहसा आयोगाच्या सदस्याकडे असते आणि त्यांच्यासोबत प्रशासनातील अनुभवी अधिकारी व विषयतज्ज्ञ बसतात. वीस-तीस मिनिटांत हे सगळे एकाच उमेदवाराला ऐकतात, पण प्रत्येकाचा कान वेगळा असतो. महसुलात आयुष्य घालवलेल्या अधिकाऱ्याला उत्तरातील कार्यपद्धती ऐकू येते, प्राध्यापकाला त्यातील संकल्पना ऐकू येते, पोलीस खात्यातून आलेल्या सदस्याला त्यातील कायदा-सुव्यवस्थेची बाजू दिसते आणि अध्यक्ष बहुधा या सगळ्यांपलीकडे उमेदवाराचा स्वभाव पाहत असतात. उद्या तहसीलदाराच्या खुर्चीत बसल्यावरही हेच होणार आहे: एकच निर्णय शेतकऱ्याला, सरपंचाला, आमदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि वेळ आली तर न्यायालयाला समजावून सांगावा लागतो. म्हणून उत्तर तयार करताना एकच कसोटी लावावी, ती म्हणजे विचारणारा बदलला तरी उत्तर बदलावे लागू नये. पुढे जे सांगितले आहे ते सारे या कसोटीभोवतीचे आहे.

आधी स्वतःचा अर्ज वाचा

मंडळासमोर तुमच्याविषयी जी माहिती असते, ती तुम्हीच भरलेली असते. जन्मगाव, शाळा, पदवीचा विषय, नोकरीचा अनुभव, छंद आणि पदांचा पसंतीक्रम यांतील प्रत्येक नोंद म्हणजे तुम्ही स्वतः दिलेले प्रश्नाचे आमंत्रण आहे. या अर्जाची छापील प्रत काढून प्रत्येक नोंदीसमोर तिच्यावरून निघू शकणारे प्रश्न लिहावेत आणि मग प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावरून निघणारा उपप्रश्न लिहावा. दुसरा टप्पा फार थोडे उमेदवार गाठतात. तयारीचा मोठा हिस्सा मात्र तिथेच दडलेला आहे.

छंदाचे उदाहरण घेऊ. ‘गडकिल्ल्यांची भटकंती’ असे अर्जात लिहिणारे पुष्कळ असतात. कोणते किल्ले पाहिले, हा पहिला प्रश्न सोपा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तामिळनाडूत आहे, एवढे या छंदाच्या उमेदवाराला माहीत असणारच. परंतु साल्हेर डोंगरी, सिंधुदुर्ग आणि खांदेरी जलदुर्ग असे वेगवेगळ्या जातीचे किल्ले एकाच यादीत का आले, किंवा पावसाळ्यात लोहगडावर होणाऱ्या गर्दीचे नियोजन अधिकारी म्हणून कसे कराल, हे प्रश्न पुढच्या टप्प्यातले आहेत. ज्याने खरोखर लोहगडाच्या पायऱ्यांवर रविवारी अडकून पडण्याचा अनुभव घेतला आहे, त्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुचवावे लागत नाही. वाहनतळ कुठे भरतो, पायऱ्यांची वाट कुठे अरुंद होते आणि वर जाणाऱ्यांची व उतरणाऱ्यांची गाठ कुठे पडते हे त्याने पाहिलेले असते. ज्याने छंद केवळ अर्जाची जागा भरण्यासाठी लिहिला, तो इथे उघडा पडतो. म्हणून छंद छोटा असला तरी खरा असावा. घरची परसबाग, गावातले भजनी मंडळ, कबड्डी, रोजचे वर्तमानपत्र वाचणे यांतले काहीही कमी दर्जाचे नाही.

पसंतीक्रमाविषयी हमखास विचारले जाते. उपजिल्हाधिकारी पद पहिले आणि पोलीस उपअधीक्षक पद दुसरे का, हे सांगताना ‘समाजसेवा करायची आहे’ हे वाक्य शक्यतो टाळावे. हेतू खोटा असतो असे नाही. पण हे वाक्य दोन्ही पदांना सारखेच लागू पडते, त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात येत नाही. भूसंपादन, पुनर्वसन, निवडणूक, आपत्ती व्यवस्थापन आणि महसुली अपिले ही उपजिल्हाधिकाऱ्याची कामे आहेत. त्यांपैकी कोणते काम तुम्हाला ओढून घेते आणि का, हे तुमच्या स्वतःच्या अनुभवाशी जोडून सांगता आले पाहिजे. धरणग्रस्त वसाहतीत वाढलेल्या मुलीने पुनर्वसनाच्या कामाविषयी दोन वाक्ये बोलली, तरी त्यांत जे वजन असते ते उसन्या आदर्शवादात येत नाही.

अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय पदवी असताना प्रशासनात का येता, हाही नेहमीचा प्रश्न आहे. इथे आपल्या पदवीला कमी लेखण्याची चूक होते. चार वर्षे स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या उमेदवाराला गावच्या पाणीपुरवठा योजनेचे अंदाजपत्रक वाचता येते आणि मुख्याधिकारी म्हणून काम करताना रस्त्याच्या कामाची गुणवत्ता पारखता येते, असा धागा जोडावा. मात्र हा धागा जोडला की त्या विषयाच्या मूलभूत प्रश्नांना दारे उघडी होतात, म्हणून पदवीच्या पायाभूत संकल्पना पुन्हा वाचून जाव्यात. कला शाखेच्या उमेदवारांनाही हे लागू आहे: मराठी साहित्य घेतलेल्या उमेदवाराला ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेल्या अभिजात भाषेच्या दर्जाविषयी विचारले, तर दर्जा मिळाला एवढ्यावर न थांबता जिल्हा पातळीवर शाळा, ग्रंथालये आणि बोलीभाषा यांसाठी काय करता येईल, तिथपर्यंत बोलता आले पाहिजे.

आधीच शासकीय सेवेत असलेल्यांनी आपल्या सध्याच्या कार्यालयाचे काम पूर्ण समजून घ्यावे. राज्यकर निरीक्षकाला वस्तू व सेवा करातील, पोलीस उपनिरीक्षकाला नव्या फौजदारी कायद्यांतील आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील प्रश्नाचे उत्तर आले नाही, तर बाकीची तयारी कितीही चांगली असली तरी मंडळाचा विश्वास बसणे अवघड होते. अभ्यासात गेलेल्या वर्षांविषयी विचारले, तर ओशाळू नये आणि लांबलचक खुलासाही करू नये. किती प्रयत्न झाले, कुठे कमी पडलो आणि मधल्या काळात घर कसे चालवले, हे तीन वाक्यांत सरळ सांगावे. घरची परिस्थिती सांगताना सहानुभूती मागण्याचा सूर येऊ देऊ नये. वस्तुस्थिती म्हणून सांगितलेली गोष्ट मंडळ आदरानेच ऐकते.

आपला जिल्हा, आपला तालुका

जिल्ह्याविषयीचे प्रश्न सोपे समजले जातात आणि तिथेच गुण निसटतात. अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते. पीकक्षेत्र, सिंचन, पशुधन, शाळा, आरोग्य केंद्रे, उद्योग यांची आकडेवारी त्यात एकत्र मिळते. राज्याच्या अर्थसंकल्पाआधी येणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ वाचणारे पुष्कळ असतात, पण आपल्या जिल्ह्याचे समालोचन उघडून पाहणारे कमी भेटतात. आकडे पाठ करण्याची गरज नाही. राज्याच्या सरासरीपेक्षा आपला जिल्हा कुठे पुढे आहे, कुठे मागे आहे आणि त्यामागे काय कारण आहे, एवढे शोधून ठेवावे.

जालन्याच्या उमेदवाराला मोसंबी, बियाणे उद्योग आणि लोखंडी सळ्यांचे कारखाने माहीत असतात. या तिन्ही गोष्टी पाण्याच्या एकाच ताणाखाली कशा उभ्या आहेत, हे त्याला मांडता आले तर ते उत्तर स्थानिक माणसाचे वाटते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील उमेदवाराने मेंढा (लेखा) गावाचे नाव घ्यावे, हे स्वाभाविकच आहे. वनहक्क कायदा २००६ चा असून या गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला, हे सांगून झाल्यावर बांबूच्या विक्रीचा हिशेब ग्रामसभा कसा ठेवते आणि शेजारच्या गावांना तेच का जमत नाही, हा प्रश्न येणारच आहे. त्याचे उत्तर पुस्तकापेक्षा आपल्या मामाच्या किंवा मित्राच्या गावी दोन तास बसून लवकर मिळते. मुलाखतीपूर्वी एकदा तरी गावी जावे, तलाठी कार्यालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि बाजार समितीत थोडा वेळ थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन. पुण्यात सदाशिव पेठेत वर्षानुवर्षे राहिलेल्या मुलांना आपल्याच गावात काय बदलले आहे हे माहीत नसते, आणि मंडळाच्या ते चटकन लक्षात येते.

एक प्रश्न, चार विचारणारे

समजा उमेदवार राहुरी तालुक्यातला आहे, राहुरीच्याच महात्मा फुले कृषी विद्यापीठातून त्याने कृषी पदवी घेतली आहे, घरी मुळा धरणाच्या कालव्यावरचा ऊस आहे आणि त्याचा पहिला पसंतीक्रम उपजिल्हाधिकारी पदाचा आहे. अध्यक्षांनी विचारले, “मुळा धरणाचं पाणी जायकवाडीला सोडावं असं तुम्हाला वाटतं का?”

इथे दोन उत्तरे हमखास येतात. एक, “सर, आमच्याकडेच पाणी पुरत नाही.” हे शेतकऱ्याच्या मुलाचे खरे उत्तर आहे, पण अधिकाऱ्याचे नाही, मराठवाड्यातून आलेल्या सदस्याने पुढचा प्रश्न विचारताच ते बदलावे लागेल. दुसरे, “दोन्ही बाजूंचा समतोल साधायला हवा.” या उत्तराला कुणी हरकत घेणार नाही, कारण त्यात काही सांगितलेलेच नाही.

टिकणारे उत्तर साधारण असे असू शकते: “सर, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये टंचाईच्या काळात खोऱ्यात समन्यायी पाणीवाटपाची तरतूद आहे. मेंढेगिरी समितीच्या निकषानुसार ऑक्टोबरच्या मध्यावर जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. त्या निकषाच्या फेरविचारासाठी पुढे समितीही नेमली गेली. आमची शेती मुळेच्या कालव्यावर आहे, त्यामुळे आवर्तन कमी झालं की काय होतं ते मी घरात पाहिलं आहे. तरीही खालच्या भागाचा पिण्याच्या पाण्याचा हक्क मला मान्य आहे आणि आदेश झाल्यावर तो पाळला गेला पाहिजे, असं माझं मत आहे.” यात कायदा आहे, स्वतःचा हितसंबंध उघड सांगितला आहे आणि स्पष्ट मतही आहे.

आता महसुलातले सदस्य विचारतात, “आदेश निघाला. तुम्ही प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी आहात. काय कराल?” इथे ‘योग्य ती कार्यवाही करीन’ म्हणणाऱ्याने सगळे गमावले. नदीकाठच्या गावांना आधी सूचना द्यायची, वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून घ्यायचे, नदीकाठच्या कृषिपंपांचा वीजपुरवठा त्या काळापुरता बंद ठेवण्यासाठी महावितरणशी बोलायचे, जलसंपदा आणि पोलीस यांची संयुक्त पथके नेमायची, आणि पाणी किती सुटले व किती पोहोचले याची नोंद ठेवायची, अशी कामांची साखळी सांगता आली तर उमेदवाराने हा विषय जमिनीवर उतरून समजून घेतला आहे हे दिसते. पोलीस अधिकारी असलेले सदस्य मग जमावबंदीचा अधिकार कोणत्या कलमाखाली वापराल, असे विचारू शकतात. सवयीने १४४ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि ती तरतूद आता कलम १६३ मध्ये आहे. त्याच वेळी जमावबंदी हा पहिला उपाय नव्हे, आधी दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची बैठक घेईन, हेही म्हणता यावे.

कृषितज्ज्ञ सदस्य विचारतील, “पाणी कमी होणार असेल तर उसाचं काय?” ठिबक सिंचन, पाचट आच्छादन आणि खोडवा व्यवस्थापन यांवर कृषी पदवीधराने सहज बोलावे, मात्र शेतकरी उसाकडे का वळतो, त्याला हमखास खरेदीदार आणि रास्त व किफायतशीर दर यांची खात्री कशी दिसते, हेही मान्य करावे. शेवटी अध्यक्ष म्हणतील, “आंदोलनात तुमच्याच गावचे लोक, कदाचित घरचेही असतील. तेव्हा?” या प्रश्नाला मोठ्या बाणेदार वाक्याची गरज नसते. थेट हितसंबंध असेल तिथे वरिष्ठांना लेखी कळवीन आणि जबाबदारी माझ्याकडेच राहिली तर सर्वांना लागू असलेला नियम घरच्यांनाही लावीन, एवढे शांतपणे म्हटले की पुरे.

चार वेगळ्या माणसांनी चार बाजूंनी विचारले, तरी पहिल्या उत्तरातील एकही वाक्य मागे घ्यावे लागले नाही, ही या उत्तराची जमेची बाजू आहे. आपल्या भागातील अशा दोन-तीन वादांवर या पद्धतीने पूर्ण विचार करून जावे: सोलापूरकरांसाठी उजनी, कोकणातल्यांसाठी मच्छीमार आणि बंदर प्रकल्प, विदर्भातल्यांसाठी वाघ आणि शेती यांचा संघर्ष. शंभर विषयांची वरवरची टिपणे काढण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण विचार करण्याची रीत एकदा अंगवळणी पडली की ती अनोळखी प्रश्नालाही लागू पडते.

परिस्थितीजन्य प्रश्नांत शेतरस्त्याचा वाद वारंवार येतो, म्हणून त्याविषयी एवढेच सांगतो: अस्तित्वात असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज येतो. हा फरक माहीत असेल, तर ‘दोघांना बोलावून समजूत घालीन’ या उत्तराच्या पुढे जाता येते. समजूत घालणे आवश्यकच आहे. पण स्थळपाहणी, पंचनामा, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकणे, कारणांसह लेखी आदेश आणि त्याची अंमलबजावणी हा क्रम त्याच्यासोबत आला पाहिजे.

सर्वांशी बोलणे

प्रश्न एक सदस्य विचारतो, पण गुण द्यायला सगळे बसलेले असतात. उत्तराची सुरुवात प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहून करावी, मधल्या वाक्यांत नजर सहजपणे इतरांकडे जाऊ द्यावी आणि शेवट पुन्हा विचारणाऱ्याकडे पाहून करावा. हे यांत्रिकपणे, ठरावीक अंतराने मान फिरवून करू नये. जो मुद्दा ज्या सदस्याच्या क्षेत्रातला आहे, तो बोलताना त्यांच्याकडे पाहिले की नजर आपोआप फिरते. एखादे सदस्य सबंध वेळ खाली पाहून लिहीत असतात किंवा काहीच विचारत नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसू नये आणि त्यांना वगळूही नये.

एकाचे उत्तर चालू असताना दुसऱ्या सदस्यांनी मध्येच प्रश्न विचारला, की अनेकांची गाडी घसरते. अशा वेळी हाती घेतलेले वाक्य पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. थांबावे, नवा प्रश्न पूर्ण ऐकावा, त्याचे उत्तर द्यावे आणि आधीचा मुद्दा महत्त्वाचा असेल तर विचारावे, “सर, मॅडमच्या प्रश्नातला एक मुद्दा राहिला आहे, सांगू का?” परवानगी मिळाली तर एका वाक्यात सांगून टाकावा, नाही मिळाली तर सोडून द्यावा. दोन सदस्यांची मते एकमेकांविरुद्ध पडली, तर त्यांतल्या वरिष्ठाची बाजू घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. आपले मत आधी जे होते तेच ठेवावे आणि विरुद्ध मतातील कोणता भाग आपल्याला पटतो तेही सांगावे.

उत्तराची लांबी हा स्वतंत्रपणे सराव करण्याचा विषय आहे. साध्या प्रश्नाला दोन-तीन वाक्ये आणि मत विचारणाऱ्या प्रश्नाला साधारण मिनिटभर बोलणे पुरते. मुख्य मुद्दा पहिल्या वाक्यात यावा, कारणे त्यानंतर यावीत. पार्श्वभूमीपासून सुरुवात करणाऱ्याला मुद्द्यावर येण्याआधीच थांबवले जाते. मुलाखत मराठीतून देता येते आणि ज्यांचा विचार मराठीत चालतो त्यांनी ती नि:संकोच मराठीतूनच द्यावी. इंग्रजी न येण्याचा न्यूनगंड बाळगून अर्धे वाक्य इंग्रजीत बोलण्यापेक्षा स्वच्छ, प्रमाण मराठीत बोललेले उत्तर केव्हाही भारदस्त वाटते. आपल्या बोलीचा हेल आला तरी काही बिघडत नाही. केवळ ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’ असे शब्द वाक्यावाक्याला येत असतील तर ते कमी करावेत, आणि तांत्रिक संज्ञा ज्या भाषेत रुळल्या आहेत त्या तशाच वापराव्यात.

माहीत नसेल तेव्हा

माहीत नसलेल्या प्रश्नाला “माफ करा सर, मला याची माहिती नाही” हे उत्तर पूर्ण उत्तर आहे. अंदाज करता येण्यासारखा प्रश्न असेल तर तशी परवानगी मागावी आणि अंदाज कशावरून बांधला हेही सांगावे. खोटा आकडा आत्मविश्वासाने सांगणे हे मंडळासमोर करता येण्याजोगे सर्वांत महागडे काम आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी कोणाला तरी खरा आकडा माहीत असतो, आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या उत्तरांकडेही संशयाने पाहिले जाते. आधी दिलेले उत्तर चुकीचे होते हे मध्येच लक्षात आले, तर तिथेच दुरुस्त करावे.

आरक्षण, धर्म, भाषा अशा विषयांवर पक्षीय भाषणाचा सूर टाळावा, पण मत लपवूही नये. आधी आजची कायदेशीर स्थिती सांगावी, मग दोन्ही बाजूंचे सर्वांत सबळ म्हणणे प्रामाणिकपणे मांडावे आणि शेवटी संविधानाच्या चौकटीत आपल्याला काय योग्य वाटते ते सांगावे. सरकारच्या धोरणातील त्रुटी विचारल्या तर त्या सांगण्यात काहीच गैर नाही. त्रुटीसोबत ती दूर करण्याचा व्यवहार्य उपाय मात्र आला पाहिजे.

काही प्रश्न मुद्दाम बोचरे असतात. “तुम्ही महिला आहात, दुर्गम भागात रात्री-अपरात्री फिरणं तुम्हाला जमेल का?” किंवा “इतके प्रयत्न झाले, आता तरी वेगळा मार्ग बघायला नको का?” या प्रश्नांमागे बहुतेक वेळा तुम्हाला दुखावण्याचा हेतू नसतो, चिडलेल्या जमावासमोर तुम्ही कसे वागाल याची ती लहानशी चाचणी असते. घाईने उत्तर देऊ नये, एक श्वास घ्यावा आणि प्रश्नातील खरा मुद्दा तेवढा उचलावा. दुर्गम भागात आज किती महिला तलाठी, परिचारिका आणि पोलीस काम करीत आहेत, हे सांगणे पुरेसे असते.

सराव आणि तो दिवस

अभिरूप मुलाखती द्याव्यात, पण मोजक्या. यशदा, बार्टी, सारथी यांसारख्या संस्थांच्या माध्यमातून प्रशासनातील अनुभवी मंडळींसमोर बसण्याची संधी मिळाली तर ती जरूर घ्यावी. मात्र दहा ठिकाणी जाऊन दहा परस्परविरोधी सल्ले गोळा केले, की उमेदवाराचा स्वतःचा आवाज हरवतो आणि उत्तरे पढवल्यासारखी होतात. त्याऐवजी घरीच एक मंडळ भरवता येते: एक शिक्षक, एक निवृत्त कर्मचारी आणि एक अभ्यासातला मित्र यांना तीन बाजूंना बसवावे, अर्जाची प्रत त्यांच्या हाती द्यावी आणि उत्तर चालू असताना मध्येच तोडून उपप्रश्न विचारण्याची त्यांना मुभा द्यावी. मोबाइलवर चित्रीकरण करून ते एकदा आवाज बंद ठेवून पाहावे. हातांची चाळवाचाळव, पायांची हालचाल, एकाच सदस्याकडे खिळलेली नजर हे सगळे त्यात स्पष्ट दिसते.

कागदपत्रांबाबत उशीर करू नये. मूळ गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र व वैधता, नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आणि सेवेत असल्यास कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र यांपैकी जे जे लागू असेल ते आयोगाच्या सूचनेप्रमाणे क्रमाने लावून ठेवावे. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे आणि आधारवरचे नाव जुळत नसेल, किंवा विवाहानंतर नाव बदलले असेल, तर राजपत्रातील नोंद आधीच हाताशी असावी. सकाळी पडताळणीच्या टेबलावर गोंधळ झाला, की तो ताण पुढे दिवसभर उतरत नाही.

पोशाख साधा, स्वच्छ आणि आधी एक-दोनदा वापरलेला असावा. आत जाताना परवानगी घ्यावी, अध्यक्षांना आणि मग सर्वांना नमस्कार करावा, सांगितल्यावर बसावे. निघताना आभार मानून उठावे. शेवटचे एखादे उत्तर बिघडले म्हणून दारातून वळून खुलासा करू नये.

बाहेर आल्यावर इतरांशी प्रश्नांची तुलना करण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक मंडळाचे आणि प्रत्येक अर्जाचे प्रश्न वेगळे असतात, त्यामुळे त्यातून गुणांचा अंदाज येत नाही. त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, सगळे प्रश्न क्रमाने लिहून काढावेत. कोणी विचारला, आपण काय म्हणालो आणि त्यावर कोणता उपप्रश्न आला, हे तिन्ही लिहावे. आपल्या उत्तरातील नेमक्या कोणत्या शब्दावरून पुढचा प्रश्न निघाला, त्या शब्दाखाली रेघ मारावी. अंतिम निकालाला वेळ लागतो आणि दरम्यान दुसऱ्या पदाची किंवा पुढच्या वर्षाची मुलाखत आली, तर रेघ मारलेल्या त्या शब्दांपासूनच तयारीला सुरुवात करता येते.